काळ्या झाकणाचं इंजिन

गाडी घ्यायची ठरली की त्या भागातली माणसं आधी कानसेनकडे जायची आणि मग घरी बायकोला सांगायची.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. गॅरेजच्या दारात गाडी येऊन थांबली की हातातला पाना न सोडता, मान वर न करता तो सांगायचा, "पाण्याचा पंप चाललाय," नाहीतर, "तिसरा इंजेक्टर बघा," आणि बहुतेक वेळा तेच निघायचं. कोणीतरी गमतीने कानसेन म्हणालं आणि ते नाव त्याला चिकटलं. गॅरेजच्या मागच्या खोलीत तो एकटाच राहायचा. लग्न का नाही केलं म्हणून कोणी विचारलंच, तर म्हणायचा, "दिवसभर एवढे आवाज ऐकतो, ते पुरेत."

तिथल्या भाड्याच्या गाड्यांमध्ये एकाच घराण्यातलं डिझेल इंजिन जास्त दिसायचं. कंपनीने ते वर्षानुवर्षं बनवलं, मधेमधे बदललं, पण नाव तेच ठेवलं. मग गॅरेजवाले झाकणाच्या रंगावरून त्या भावंडांना ओळखायला लागले. सगळ्यात जुनं चंदेरी झाकणाचं. अंगाने दणकट, पण चढावर तापायचं आणि एकदा तापलं की सिलिंडरवरचं हेड वाकवूनच थांबायचं. सगळ्यात नवं प्लास्टिकच्या झाकणाचं. चालायला गुळगुळीत, पण एखादा सेन्सर रुसला की अख्खी गाडी रुसून बसायची. या दोघांच्या मधलं काळ्या झाकणाचं, आणि ते कानसेनचं लाडकं. त्याच्याकडे ते फारसं दुरुस्तीला यायचंच नाही. आलं तर तेल बदलायला यायचं आणि संध्याकाळी निघून जायचं.

"काळ्या झाकणाचं घे," तो छातीठोकपणे सांगायचा. "डोळे मिटून घे."

त्याच्या धाकट्या भावाने तेच केलं. धाकटा पेशंटची गाडी चालवायचा. ज्यांना डायलिसिस लागतं अशा माणसांना घरून उचलायचं, रुग्णालयात सोडायचं, काम झालं की परत आणायचं. हलक्या हाताचा ड्रायव्हर. खड्डा आला की गाडी अशी उतरवायचा की मागे झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये. जुनी गाडी थकली तेव्हा त्याने दादाला विचारलं, दादाने सांगितलं, आणि धाकट्याने काळ्या झाकणाची, थोडीच चाललेली गाडी आणली. घेण्याआधी कानसेनने ती स्वतः ऐकली होती. "झोपलेल्या मांजरासारखी घुरघुरतेय," तो म्हणाला होता.

वर्षभर गाडी तशीच चालली. मग एका सकाळी शहराबाहेरच्या उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनातून काहीतरी भरडल्यासारखा आवाज आला, एक दणका बसला आणि गाडी जागच्या जागी बसली. मागे एक आजी होती. पोस्टात काम करणाऱ्या एका बाईंची आई. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी धाकटाच तिला न्यायचा. पुलावर दोन्ही बाजूंनी वाहनं तुंबली. रुग्णवाहिका बोलावली, तीही त्याच गर्दीत अडकली. आजी रुग्णालयात पोचली तेव्हा दुपार उलटत आली होती. तिचं डायलिसिस झालं, तिला घरीही सोडलं, आणि त्याच आठवड्यात ती गेली.

डॉक्टर म्हणाले, "हृदय आधीच थकलेलं होतं. त्या दिवशी उशीर झाला म्हणूनच असं झालं का, ते मला सांगता येणार नाही."

या उत्तराने कोणाचंच समाधान झालं नाही, धाकट्याचं तर नाहीच. तो घरी पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसला तो बसलाच. सकाळी उठायचा, अंघोळ करायचा, कामावर जायचे कपडे घालायचा आणि त्या खुर्चीत बसायचा. दुसऱ्या ड्रायव्हरांचे फोन आले की मोबाइल उलटा करून ठेवायचा.

बंद पडलेली गाडी ओढून कानसेनच्या गॅरेजमध्ये आणली होती. त्याने तिच्यावर ताडपत्री टाकली आणि ती कोपऱ्यातच राहू दिली. बाकीच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. त्या गाडीला वळसा घालून जायची त्याच्या पायांना सवयही झाली.

एके दिवशी दुपारी धाकट्याची बायको आली. ती कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करायची. शिवण उसवलेली, बटण तिरकं लागलेलं, असं काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

"भाऊजी, ते इंजिन उघडलंत का?"

"बघतो. हातातलं काम संपलं की…"

"हातात काय आहे?"

त्याच्या हातात चहाचा ग्लास होता. त्याने तो खाली ठेवला.

"भीती वाटते तुम्हाला," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "मलाही वाटते. पण तुमचा भाऊ घरात पुतळ्यासारखा बसलाय. त्याला वाटतं आपण तेल वेळेवर बदललं नसेल, गाडी जास्त पळवली असेल, काहीतरी केलं असेल. मला एवढंच कळायला हवं, त्याचं चुकलं, का तुमचं, का कोणाचंच नाही. जे असेल ते. ते त्या लोखंडात आहे ना? मग काढा बाहेर. मी इथेच बसते."

आणि ती खरंच बसली, टायरच्या चळतीवर, मांडीवर पिशवी घेऊन.

कानसेनने ताडपत्री ओढली. गाडी वर उचलून इंजिनाखालचं तेलाचं भांडं सोडवलं. तेल स्वच्छ होतं, नुकतंच बदललेलं. ते बघून त्याचे हात मंदावले. आता आत जे निघेल ते भावाचं नसणार, हे त्याला कळून चुकलं होतं. मग त्याने तेल ओढून घेणारी जाळी काढली. ती पांढऱ्या तुकड्यांनी गच्च भरली होती. काही वाटाण्याएवढे, काही नखाएवढे. एक तुकडा त्याने बोटांत धरून दाबला, तर कटकन मोडला.

"काय आहे हे?"

"इंजिनाच्या पुढच्या बाजूला आत एक चेन फिरते. ती ज्या पट्टीवरून घसरत जाते ती ही पट्टी. प्लास्टिकची. तिचे तुकडे झाले, खाली पडले, जाळीत अडकले. तेल वर जाईना. आणि तेलाशिवाय इंजिन म्हणजे…" त्याने वाक्य तिथेच सोडलं.

"म्हणजे त्याने हलगर्जी केली नाही."

"नाही गं. त्याने डोळ्यांत तेल घालून जपली होती गाडी."

तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. "मग ही पट्टी तुटते हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मी उघडलेल्या काळ्या झाकणांत ती मधाच्या रंगाची असते. वाकवली तर वाकते. ही पांढरी मी पहिल्यांदाच बघतोय. मधेच कधीतरी कंपनीने बदललेली दिसते. झाकण मात्र तेच ठेवलं."

"अशी किती उघडली होतीत तुम्ही?"

"फार नाही. काळी झाकणं उघडायला येतातच कुठे? म्हणून तर मी ती चांगली म्हणतो…" बोलता बोलता तो थांबला. स्वतःचं बोलणं त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं असावं.

"आमच्याकडे," ती सावकाश म्हणाली, "ज्या गठ्ठ्याची तक्रार येत नाही, तो चांगला तरी असतो नाहीतर अजून दुकानात पोचलेला नसतो."

पिशवी उचलून ती निघाली. दारात वळून म्हणाली, "हे त्याला तुम्ही येऊन सांगा. मी सांगितलं तर त्याला वाटेल मी समजूत काढतेय."

कानसेन त्याच संध्याकाळी गेला. पांढरे तुकडे कागदात बांधून नेले होते. ते त्याने भावासमोर टेबलावर मांडले आणि सगळं सांगितलं. तेल स्वच्छ होतं, दोष पट्टीचा होता, आणि पट्टीची कल्पना नसताना गाडी घ्यायला सांगणारा तो स्वतः होता. बोलून झाल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं.

धाकट्याने एक तुकडा उचलून तळहातावर घेतला. मग म्हणाला, "मी तुला फोन केला होता, दादा."

"कधी?"

"त्याच्या आधी. सकाळी चालू केली की खडखडते म्हणालो. तू म्हणालास, काळं झाकण सकाळी जरा घसा खाकरतं, लक्ष देऊ नकोस."

कानसेनला तो फोन आठवेना. कपाळावर हात दाबून त्याने आठवून बघितलं. मागे कुठलंतरी इंजिन चालू असणार, फोन खांद्याने कानाशी धरलेला असणार, आणि ते वाक्य तर तो येता जाता कोणालाही म्हणायचा. तो फोन आठवला असता तर बरं झालं असतं. सख्ख्या भावाने विचारलेलं आपल्या कानातून असं वाहून गेलं, हे त्याला सोसवेना.

"घेऊन ये, ऐकतो, एवढं तरी म्हणायचंस," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कानसेनला काहीतरी बोलता आलं असतं. "मी रोज ऐकत होतो. रोज थोडं वाढत होतं. माझ्या कानांना कळत होतं. पण तुझ्या कानांपुढे माझे कान काय?"

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने चहा टाकला होता, तो कोणीच प्यायलं नाही.

घरी जाताना कानसेनच्या डोळ्यांपुढून माणसं जायला लागली. डोळे मिटून घे, असं त्याने ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ती सगळी. विमानतळाचं भाडं मारणारा, भाजीच्या गाड्या चालवणारे दोघे भाऊ, बहिणीच्या लग्नाआधी गाडी घेणारी नर्स, आणि शाळेची मुलं नेणारा फुग्या. यांच्यापैकी कोणाच्या इंजिनात मधाच्या रंगाची पट्टी होती आणि कोणाच्या पांढरी, हे बाहेरून सांगायची काहीच सोय नव्हती. प्रत्येकाचं इंजिन खोलतो म्हटलं तर कोण खोलू देणार?

बाहेरून ओळखायची एखादी खूण सापडते का बघायला भावजयीच्या सुट्टीच्या दिवशी दोघं जुन्या गाड्यांच्या भंगारात गेले. तिनेच म्हटलं होतं, मी येते. भंगारवाला कानसेनला मानायचा. "काय हवं ते खोल," तो म्हणाला, "फक्त रचलेली रास पाडू नकोस." काळ्या झाकणाची इंजिनं एका पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने पडली होती. एवढी काळी झाकणं इथे येऊन पडली असतील, असं कानसेनला कधी वाटलं नव्हतं. कारण सरळ होतं. त्याच्या गॅरेजपर्यंत पोचायच्या आधीच ती संपत होती.

तो चेनवरचं पुढचं कव्हर उतरवायचा, ती वाकून पट्टीचा रंग बघायची आणि कव्हरावर खडूने खूण करायची. ऊन चढलं, दोघांचेही हात कोपरापर्यंत काळे झाले. मग ती उठून दोन कव्हरं घेऊन बाहेर उजेडात गेली आणि कापड तपासावं तशी फिरवून बघू लागली.

"भाऊजी, ही कड बघा. इथे खाली बोल्टाशेजारी. यावर आडवी रेघ उठलेली आहे. यावर नाही."

कानसेनने बोट फिरवलं. ओतकामातच उमटलेली एक बारीक आडवी रेघ. पांढरी पट्टी निघालेल्या कव्हरांवर ती होती. मधाच्या रंगाच्या पट्टीची कव्हरं तिथे सपाट होती. पट्टी बदलताना कंपनीने साचाही बदलला असावा. तेल बदलताना ही कव्हरं त्याने आजवर कितीदा पुसली होती आणि ती रेघ त्याला एकदाही दिसली नव्हती.

"सापडलं," तो म्हणाला.

"थांबा." ती आत गेली आणि एक कव्हर घेऊन आली. रेघ नव्हती, तरी त्यावर पांढऱ्या पट्टीची खूण होती. कोणीतरी दुरुस्तीत नवी पट्टी घातली असणार.

"म्हणजे रेघ नसली तर बहुतेक ठीक," कानसेन म्हणाला.

"बहुतेक नको, भाऊजी. त्या 'बहुतेक'नेच आपल्याला इथे आणलं."

दुसऱ्या दिवसापासून कानसेनने एकेकाला फोन लावला. रेघ असेल तर गाडी चालवू नका, नसली तरी एकदा दाखवायला आणा. नर्स त्याच दिवशी आली. तिच्या गाडीच्या कव्हरावर रेघ नव्हती, पट्टी मधाच्या रंगाची निघाली. भाजीवाल्या भावांपैकी थोरला म्हणाला, "कानसेन, तू आता म्हातारा झालास." विमानतळवाल्याने शिव्या घातल्या, पण गाडी आणली, आणि आणली ते बरं झालं. फुग्याने मात्र फोनच आपटला.

"तूच म्हणालास ना, डोळे मिटून घे? घेतली. लोण्यासारखी चालते. आता ऐन शाळेच्या दिवसांत खोलू म्हणतोस? मुलांना काय पाठीवर घेऊन जाऊ?"

हे सगळं कानसेन भावजयीला सांगत होता, तिच्याच घरी, पुढच्या खोलीत. खुर्चीतला धाकटा अचानक बोलला.

"सकाळी खडखडते का विचारलंस त्याला?"

"नाही म्हणतो."

"तुझ्याशी बोलल्यावर मला कोणी विचारलं असतं तर मीही नाहीच म्हणालो असतो." तो उठला आणि चपला शोधू लागला. इतक्या दिवसांत त्या कपाटाखाली गेल्या होत्या. "उद्या सकाळी त्याने चालू करायच्या आत पोचायला हवं. गरम झाल्यावर आवाज लपतो."

फुग्या दारातच गाडी पुसत होता. अंगाने गोल, आवाजाने त्याहून गोल. कानसेनला बघून तो खवळणार होता, पण मागे धाकटा दिसला आणि त्याचा राग जागीच विरला. पुलावरची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

"एकदाच चालू कर," धाकटा म्हणाला.

फुग्याने किल्ली फिरवली. धाकट्याने बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. कानसेनही कान देऊन उभा राहिला. त्याला डिझेलची नेहमीची टकटक ऐकू आली, आणि तिच्याखाली अगदी पुसट असं काहीतरी, कागद चुरगाळावा तसं. असं तर असतंच, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"बंद कर. परत चालू कर," धाकटा म्हणाला. मग हात उचलून मागे सरला. "हाच."

"हाच म्हणजे?" फुग्या म्हणाला.

"ही गाडी हलवू नकोस."

कव्हरावर रेघ होती. तिथेच अंगणात कव्हर उतरवलं. पांढरी पट्टी अजून जागेवर होती, पण मधोमध उभी तडकलेली, बोट लावलं तर हलत होती. फुग्या पायरीवर बसला. गाडीची वाट बघणाऱ्या घरांमधून फोन येत होते. शेवटी त्याने एक उचलला. "आज नाही येणार," त्याने सांगितलं, "मुलांना दुसऱ्या कशानेतरी पाठवा. नाही हो, काही झालं नाही. काही होऊ नये म्हणून."

आता भावाला बरं वाटेल असं कानसेनला वाटलं. परत येताना तो म्हणालाही, "बघ, तू मुलं वाचवलीस."

धाकटा रस्त्यातच थांबला. "मला ऐकू येत होतं, दादा. आज आलं ना, तितकंच स्पष्ट, त्या वेळीही. आत्तापर्यंत वाटत होतं, कदाचित नसेल आलं, मागाहून मीच मनाने लावून घेतलं असेल. आता तेही राहिलं नाही."

एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर दोघं बसून राहिले. शाळेला जाणारी मुलं, दूध घेऊन जाणारे, समोर सगळं चालू होतं. कानसेनने भावाच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी त्याला ताप आला की ठेवायचा तसा. धाकट्याने तो झटकला नाही.

"मला त्या बाईंकडे जायचंय," शेवटी धाकटा म्हणाला. "पोस्टातल्या."

रविवारी ते गेले. भावजयही बरोबर होती. खोली लहान आणि नीटनेटकी होती, खिडकीशी आजीची खाट अजून तशीच, वर चादर ताणून घातलेली. बाईंनी तिघांना बसायला सांगितलं आणि स्वतः खाटेच्या कडेवर टेकल्या. कानसेनने पट्टीचं सांगितलं, फोनचंही सांगितलं, काही झाकलं नाही. धाकट्याने आपलं सांगितलं. आवाज वाढत होता आणि तो तरीही चालवत राहिला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाल्या नाहीत, आणि नाही केलं असंही म्हणाल्या नाहीत. मग त्या धाकट्याकडे वळल्या.

"पुलावर तुम्ही थांबला होतात तेव्हा आई काय म्हणत होती?"

हे त्याला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. तो आठवून सांगू लागला. "मी मागे जाऊन त्यांच्याजवळ बसलो होतो. आधी मलाच म्हणाल्या, घाबरू नकोस. मग त्यांना गॅसचं आठवलं. गॅस बंद केला का नाही, काही केल्या आठवेना त्यांना. सारखं म्हणत होत्या, मुलीला फोन करून विचार. मी म्हटलं, करतो. पण मी रुग्णवाहिकेलाच फोन लावत राहिलो. तुम्हाला करायचा राहिला."

बाईंनी मान खाली घातली.

"केला होता तिने बंद," त्या म्हणाल्या. "दूध तेवढं बाहेर राहिलं होतं. नासलं." हाताच्या पाठीने डोळे पुसून त्या उठल्या. "थांबा. चहा करते."

नको म्हणायचं धाकट्याच्या ओठांवर आलं होतं. पण भावजयीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते तिघं बसून राहिले.